सेर्वे: एका आडनावाभोवतीचे वाद

चेलोवादक मंचावर येऊन बसला की पहिले काम करतो ते दांडीचे. वाद्याच्या बुडातून धातूची दांडी ओढून काढायची, स्क्रू पिळून पक्की करायची आणि तिचे अणकुचीदार टोक फळीत रोवायचे. मग चेलोचा भार जमिनीवर जातो, वादकाचे पाय मोकळे होतात. ही सोय कुणी आणली असे विचारले, तर गेल्या शतकातली बहुतेक पुस्तके एकच नाव सांगतात: सेर्वे. त्या नावाला आणखीही बरेच काही चिकटलेले आहे. जगातल्या अत्यंत नावाजलेल्या चेलोंपैकी एक ‘सेर्वे’ याच नावाने ओळखला जातो. चेलोवादनातल्या बेल्जियन परंपरेची चर्चा सेर्वेपासून सुरू होते. लिस्टचा अनौरस मुलगा म्हणून ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षे कुजबुज चालली, तोही सेर्वेच.

एवढे सगळे एका आडनावाच्या वाट्याला आले आणि त्या घरात लिहिले गेलेले संगीत मात्र मैफलींतून जवळजवळ नाहीसे झाले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अभ्यासक आणि वादक या कुटुंबाकडे पुन्हा वळले आहेत. त्यांच्या कामानंतर जुन्या गोष्टींपैकी कोणत्या टिकतात, कोणत्या डळमळीत झाल्या आणि कुठे अजून निर्णय झालेला नाही, याचा हा आढावा आहे.

हालेचे कुटुंब

हाले हे ब्रसेल्सच्या दक्षिणेला साधारण पंधरा किलोमीटरवरचे गाव. आद्रियाँ-फ्राँस्वा सेर्वे तिथे ६ जून १८०७ रोजी जन्मला. वडील चर्चमधले वादक. पोराने सुरुवातीला त्यांच्याकडेच व्हायोलिनचे धडे घेतले आणि मग एका संगीतप्रेमी उमरावाच्या मदतीने तो ब्रसेल्सला शिकायला गेला. तिथे निकोला-जोझेफ प्लातेल या चेलोवादकाचे वादन त्याच्या कानावर पडले आणि व्हायोलिन मागे पडले ते कायमचे. प्लातेलच्या वर्गात त्याने वर्षभरात पहिले बक्षीस मिळवले, गुरूचा मदतनीस झाला आणि ऑपेराच्या वाद्यवृंदात वाजवू लागला.

काळ मोठ्या घडामोडींचा होता. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाले. १८३३ मध्ये ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीची सूत्रे फ्राँस्वा-जोझेफ फेतिस या संगीतकार-इतिहासकाराकडे आली. नव्या राष्ट्राला जगापुढे मिरवता येतील असे कलावंत हवे होते आणि फेतिसला ते घडवायचे होते. त्याच्याच सल्ल्याने सेर्वे पॅरिसला गेला, गाजला. १८३५ मध्ये लंडनला वाजवून आला. त्यानंतर तीस वर्षे त्याचे आयुष्य बग्गीत, बोटीत आणि पुढे आगगाडीत गेले. १८३९ पासून रशियाच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि त्या मृत्यूच्या वर्षापर्यंत थांबल्या नाहीत. सेंट पीटर्सबर्गमध्येच त्याने सोफी फेगिन हिच्याशी लग्न केले. १८४८ मध्ये तो ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाला आणि राजा पहिला लिओपोल्ड याच्या दरबारचा चेलोवादकही. हालेत त्याने प्रशस्त घर बांधून घेतले. त्याचा वास्तुकार क्लुइझेनार, म्हणजे ब्रसेल्समधल्या सँ-ह्युबेर या प्रसिद्ध काचछताच्या बाजारपेठेचा कर्ता. चर्चच्या वादकाचा मुलगा तंतुवाद्याच्या कमाईवर कुठवर पोचला, हे त्या घरावरून कळते. २६ नोव्हेंबर १८६६ रोजी हालेतच त्याचे निधन झाले.

पुढच्या पिढीतल्या तिघांचा उल्लेख या लेखात येईल. फ्रान्झ हा संगीतकार आणि संगीतसंचालक झाला. जोझेफ (१८५०–१८८५) वडिलांप्रमाणे चेलोवादक. मुलगी सोफी पियानो वाजवणारी. तिने शिल्पकार सिप्रियाँ गोदेब्स्की याच्याशी लग्न केले. हालेच्या मुख्य चौकात १८७१ मध्ये बसवलेला सेर्वेचा संगमरवरी पुतळा या जावयानेच घडवला.

आधार कशाचा?

वादांकडे वळण्याआधी साधनांविषयी बोलणे भाग आहे, कारण निम्मे वाद तिथूनच उगवतात. सेर्वेविषयीची बहुतेक चरित्रात्मक माहिती मुळात फेतिसच्या संगीतकारांच्या बहुखंडी चरित्रकोशातली आहे. फेतिस सेर्वेला जवळून ओळखत होता, म्हणून ही माहिती मोलाची. पण सेर्वे त्याच्या संस्थेतला प्राध्यापक, त्याने पॅरिसला धाडलेला गुणी कलावंत. त्याच्या कीर्तीत संस्थेची कीर्ती होती. त्यामुळे फेतिसचा कोश साक्षीदार म्हणून वाचायचा, न्यायाधीश म्हणून नाही.

त्यानंतर वाझिएलेव्हस्कीचा जर्मन ग्रंथ (१८८९) आणि व्हान डेर स्ट्राटेनचा इंग्रजी इतिहास (१९१५) आले. चेलोच्या अभ्यासकांनी अनेक दशके या दोघांवर भिस्त ठेवली आणि त्यांच्यातली प्रत्येक गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेली. चित्र बदलले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. व्हॅलरी वॉल्डेन यांनी १७४० ते १८४० या शंभर वर्षांतल्या चेलोवादनाचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. जॉर्ज केनवे यांनी २०१४ मध्ये १७८० ते १९३० हा पट्टा घेतला. दोघांनीही आख्यायिका बाजूला ठेवून शिक्षणपुस्तके, चित्रे, बोटांच्या खुणा असलेल्या छापील प्रती आणि वृत्तपत्रे तपासली. दुसरीकडे हालेत स्थानिक अभ्यासकांनी आणि सेर्वेच्या नावाच्या संस्थेने पत्रे, कार्यक्रमपत्रिका आणि गावातली कागदपत्रे जमवायला घेतली. विद्यापीठीय संशोधन आणि गावाने जपलेली कागदपत्रे एकत्र आल्यावरच आज या विषयावर काही ठाम बोलता येऊ लागले आहे.

दांडीचा वाद

आता मूळ प्रश्न. दांडी नव्हती तेव्हा चेलो दोन्ही पोटऱ्यांच्या बेचक्यात धरला जाई. टाचा जवळ, गुडघे फाकलेले, वाद्याच्या खालच्या कडा पोटऱ्यांवर टेकलेल्या. अठराव्या शतकातल्या चित्रांत हे स्पष्ट दिसते आणि जुन्या पद्धतीने वाजवणारे वादक आजही तसेच बसतात. ही पकड वाटते तितकी गैरसोयीची नाही, पण तीत वाद्य जरा खाली आणि उभे राहते. अंगठा तारेवर आडवा ठेवून वरच्या सुरांत दीर्घकाळ वाजवायचे असेल, तर वादकाला एकीकडे वाद्य सांभाळावे लागते आणि दुसरीकडे हात धावता ठेवावा लागतो.

पारंपरिक मत असे: सेर्वे पुढे स्थूल झाला, त्याचा चेलोही नेहमीपेक्षा मोठा होता, पोटऱ्यांत वाद्य मावेना म्हणून त्याने बुडाला खुंटी बसवली आणि त्याच्या शिष्यांनी ती जगभर नेली. या मताच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी आहेत. सेर्वेचे वाद्य खरोखर मोठे होते. तो अठरा वर्षे प्राध्यापक होता, त्यामुळे त्याची सवय वर्गाची सवय होणे स्वाभाविक. आणि त्याचा शिष्य झ्युल द स्वेर्त याने १८८२ मध्ये लंडनच्या नोव्हेलो प्रकाशनासाठी लिहिलेल्या शिक्षणपुस्तकात दांडी वापरायला सांगितले आहे. सवय वर्गातून पुस्तकात शिरली, याचा हा पक्का टप्पा.

विरुद्ध मत सांगते की शोधाचा मान सेर्वेला देता येत नाही, कारण वस्तू आधीपासून होती. सतराव्या शतकात मोठ्या आकाराची खर्जाची तंतुवाद्ये खुंटीवर, स्टुलावर किंवा थेट जमिनीवर टेकवून वाजवली जात. लंडनमध्ये १७६५ च्या सुमारास निघालेल्या रॉबर्ट क्रोमच्या शिक्षणपुस्तकात नवशिक्यांनी वाद्याच्या बुडाला लाकडी खुंटी लावावी, असा सल्ला आहे. म्हणजे सेर्वेच्या जन्माच्या चाळीस वर्षे आधी ही युक्ती छापली गेली होती. मात्र ती शिकाऊ माणसाची कुबडी मानली जाई. हात बसला की काढून टाकायची.

मग सेर्वेचे श्रेय काय? ‘शोध लावला नाही, रूढ केली’ हे तिसरे मत आज सर्वाधिक मान्य आहे. नवशिक्याची खुंटी युरोपातल्या आघाडीच्या वादकाने मंचावर आणली, तेव्हा तिच्यातला कमीपणा गेला, असे हे म्हणणे. मला ते पटते, पण अर्धेच. अडचण काळाची आहे. आल्फ्रेदो पियात्ती हा शतकाच्या उत्तरार्धातला लंडनचा सर्वांत मान्यवर चेलोवादक अखेरपर्यंत दांडीविना वाजवत राहिला. व्हायोलिनवादक योआखिमच्या चौकडीतला रॉबर्ट हाउसमानही तसाच, आणि उत्तरकाळातल्या चेलो-रचना लिहिताना ब्राम्सच्या डोळ्यांपुढे होता तो हाच वादक. सेर्वे गेल्यानंतर तीस-चाळीस वर्षे पहिल्या प्रतीचे वादक दोन्ही पद्धतींनी वाजवत होते. एका माणसाच्या उदाहरणाने प्रथा पालटली असती, तर ती इतकी सावकाश पालटली नसती.

म्हणून केनवे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या धाटणीने प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा: दांडी कुणी आणली यापेक्षा ती कशाकशामुळे हवीशी झाली? सभागृहे मोठी होत गेली आणि नाद अधिक हवा होता. नव्या कॉन्चेर्टोंत डाव्या हाताला वरच्या सुरांत फार वेळ राहावे लागे. शिवाय चेलो शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती. गुडघे फाकवून बसणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई, म्हणून काही जणी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, घोड्यावरच्या बाईसारख्या बसून वाजवत. दांडीने ही कसरत सोपी केली. सेर्वेच्या पोटाच्या घेराची गोष्ट सांगायला सोपी असल्याने पुस्तकांत टिकली. हजारो अनाम विद्यार्थिनींची गरज मात्र तळटीपेत गेली. सगळी कारणे एकत्र धरल्यावर सेर्वेचा वाटा लहान होतो, नाहीसा होत नाही. ब्रसेल्सच्या वर्गातून दांडीला जी प्रतिष्ठा मिळाली, ती दुसऱ्या कुठल्या वर्गातून मिळाल्याचा तितका स्पष्ट पुरावा अद्याप पुढे आलेला नाही.

१७०१ चे वाद्य

आंतोनियो स्त्रादिव्हारीने सुरुवातीच्या काळात चेलो मोठ्या मापाचे केले. १७०७ च्या सुमारास त्याने ७५-७६ सेंटिमीटर लांबीच्या पेटीचा साचा ठरवला आणि पुढे तोच जगाचा नमुना झाला. जुने मोठे चेलो नंतरच्या कारागिरांनी कडा कापून लहान केले. सेर्वेकडचा १७०१ चा चेलो त्या कापाकापीतून वाचला. त्याचा खर्ज रुंद आणि खोल आहे, त्यामुळे वाद्यकारागिरांच्या दृष्टीने हा न कापलेला चेलो मोठा दस्तऐवज ठरतो.

रशियातल्या युसुपोव्ह घराण्यातल्या राजकन्येने हे वाद्य सेर्वेला भेट दिले, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रशियन उमरावांचे कलावंतांवरचे प्रेम आणि सेर्वेच्या तिथल्या वाऱ्या पाहता ती अशक्य नाही. परंतु थोर वाद्यांभोवती दानशूर राजकन्यांच्या कथा नेहमीच जमतात, आणि अशी वाद्ये बाजारात आणणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या सोयीच्या असतात. वाद्याचा पुढचा प्रवास पक्का आहे. वडिलांनंतर ते जोझेफने वाजवले, पुढे ते हात बदलत अमेरिकेत गेले आणि शार्लट बर्गन या हौशी वादक-संचालक बाईंनी १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला देऊन टाकले. डच चेलोवादक आनर बायल्स्मा याने १९९२ मध्ये याच वाद्यावर बाखचे सुइट ध्वनिमुद्रित केले. सेर्वे हे नाव आज अनेक रसिकांना ठाऊक आहे ते या ध्वनिमुद्रणामुळे.

संगीताचे मोल

सर्वांत जिवंत वाद हा आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. सेर्वेच्या रचनांचा मोठा भाग म्हणजे लोकप्रिय ऑपेरांतल्या धुनांवर बांधलेल्या फँटसिया: ‘सेव्हिलचा न्हावी’, ‘रेजिमेंटची मुलगी’ यांसारख्या ऑपेरांवरच्या. त्यांखेरीज चेलोचे कॉन्चेर्टो, ऑपस ११ चे सहा कॅप्रिस आणि दुसऱ्या वादकांबरोबर मिळून केलेली द्वंद्वे. व्हियोताँबरोबर ‘ह्यूगेनॉट्स’वर, गीसबरोबर इंग्रजांच्या राष्ट्रगीतावर. एका धुनेवर दोन वादकांनी व्हायोलिन आणि चेलोची सारी करामत उधळायची, हा त्या काळच्या मैफलीचा हमखास रंगणारा भाग होता.

समकालीनांनी सेर्वेला डोक्यावर घेतले. बर्लिओझसारख्या कठोर समीक्षकाने त्याची तुलना पागानीनीशी केली आणि ‘चेलोचा पागानीनी’ हे बिरुद कायमचे चिकटले. शतक सरता सरता रुची पालटली. योआखिम आणि ब्राम्स यांच्या वर्तुळाने गंभीर रचनांचा आग्रह धरला, संपूर्ण सोनाटा आणि कॉन्चेर्टो वाजवण्याची रीत पडली आणि ऑपेराच्या धुनांवरच्या फँटसिया सवंग वाटू लागल्या. या भूमिकेतून सेर्वे म्हणजे कौशल्याचे प्रदर्शन. एका युगाची आवड, त्या युगाबरोबर संपलेली.

हा पालट एका प्रसंगात फार नेमका दिसतो. १८९५ मध्ये पाब्लो कासाल्स हा अठरा वर्षांचा कातालान मुलगा स्पेनच्या राजमातेच्या शिष्यवृत्तीवर ब्रसेल्सला आला. कॉन्झर्व्हेटरीचा वृद्ध संचालक गेव्हार्टने त्याला चेलोच्या वर्गात पाठवले. वर्ग एदुआर जाकोब्सचा होता. तो जोझेफ सेर्वेचा शिष्य आणि त्याच्या जागेवर आलेला. कासाल्सने पुढे स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार तो मागे गप्प बसून होता. तास संपताना जाकोब्सने त्याला विचारले, अमुक वाजवता येते का, तमुक येते का? प्रत्येकाला ‘हो’ हे उत्तर. प्राध्यापकाने थट्टा केली, पोरे हसली आणि फर्मान निघाले: ‘सुव्हनिर द स्पा’ वाजव. ही आद्रियाँ-फ्राँस्वा सेर्वेची ऑपस २ मधली रचना, त्या वर्गाची जणू कुलदेवता. कासाल्सने कुणाचा तरी चेलो मागून घेतला आणि वाजवली. वर्ग स्तब्ध झाला. जाकोब्सने बाजूला नेऊन पहिल्या बक्षिसाचे आश्वासन दिले. भर वर्गात झालेली मानहानी विसरायला कासाल्स तयार नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी पॅरिसला निघून गेला आणि त्यापायी शिष्यवृत्तीला मुकला.

पुढे हाच कासाल्स बाखचे सुइट मैफलीत घेऊन आला आणि चेलोचे भांडार कायमचे बदलले. त्यामुळे ब्रसेल्सच्या त्या सकाळचे दोन अर्थ लावले जातात. एका बाजूचे म्हणणे असे की १८९५ पर्यंत सेर्वेचे संगीत परीक्षेचा तुकडा बनले होते. नवख्याची फजिती करायला वापरायचे, ऐकायला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, त्याच तुकड्याने कासाल्सला एका दमात सगळे दाखवू दिले, म्हणजे त्यात दाखवण्याजोगे काहीतरी होतेच. मला दुसऱ्या वाचनात तथ्य दिसते. कॅप्रिस तर आजही शिकवले जातात, आणि ते निव्वळ बोटांचे व्यायाम असते तर दुसऱ्या चेलोची ऐच्छिक साथ लिहिण्याचे सेर्वेला कारण नव्हते.

तिसरी भूमिका अलीकडची आहे आणि ती वादकांकडून आली. बायल्स्माने स्मिथ्सोनियनच्या वादकांसह सेर्वेच्या रचना त्याच्याच वाद्यावर ध्वनिमुद्रित केल्या. ते ऐकल्यावर काहींनी मत बदलले. या रचना इटालियन गायकीच्या कानांनी ऐकाव्यात, असे हे म्हणणे: सूर ओढत नेणे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणे, तान सोडण्याआधी श्वास घेतल्यासारखे थांबणे. कंप आणि घसरण यांचा सेर्वेचा वापर भरपूर होता, आणि त्याच्या हयातीत काहींना तो अतिरेक वाटे. आजच्या सरळ, स्वच्छ स्वरलगावाने त्या रचना वाजवल्या तर उरतात त्या नुसत्या कोलांट्या. आक्षेप संगीतावर घ्यायचा की ते वाजवण्याच्या रीतीवर, हा मुद्दा अजून खुला आहे. रचनांच्या चिकित्सक आवृत्त्या आणि पुरेशी ध्वनिमुद्रणे हाती येईपर्यंत तो खुलाच राहील.

बेल्जियन परंपरा, की पॅरिसची शाखा?

ब्रसेल्सच्या चेलो-वर्गाची वंशावळ अशी: प्लातेल, त्याच्यानंतर त्याचा शिष्य फ्राँस्वा द मुंक, मग आद्रियाँ-फ्राँस्वा सेर्वे, १८७२ पासून जोझेफ आणि १८८५ मध्ये जोझेफ ऐन चौतिशीत गेल्यावर जाकोब्स. बाहेरच्या फांद्याही डेरेदार आहेत. द स्वेर्त जर्मनीत गाजला. मास्ट्रिख्टच्या झोझेफ होलमनला सँ-साँसने आपला दुसरा चेलो-कॉन्चेर्टो अर्पण केला. एवढ्यावरून बेल्जियन परंपरा सिद्ध होते, असे मानणारे अनेक आहेत.

शंका घेणारे मुळाकडे बोट दाखवतात. प्लातेल जन्माने फ्रेंच, व्हर्सायचा, आणि झाँ-लुई द्युपोरचा शिष्य. मग ब्रसेल्सचा वर्ग पॅरिसची शाखा का म्हणू नये? यावर समर्थकांचे उत्तर व्हायोलिनच्या इतिहासातून येते. द बेरियो, व्हियोताँ आणि पुढे इझाये यांच्या वादनात जो भरदार, गाता नाद आहे, तो सेर्वेच्या चेलोतही होता, आणि हा गुण पॅरिसच्या नेमस्त रीतीपेक्षा निराळा. फेतिसला असे वेगळेपण दिसावेसे वाटत होते, हे विसरून चालणार नाही. ‘परंपरा’ हे वर्णन होते की नव्या राष्ट्राची इच्छा, हे सुटे करणे अवघड आहे.

ऐकून ठरवावे, तर दोन्ही सेर्वे ध्वनिमुद्रणाच्या युगाआधी गेले. होलमनची विसाव्या शतकाच्या आरंभीची ध्वनिमुद्रणे आहेत आणि काही अभ्यासक त्यांत गुरूचा हात शोधतात. पण शिकणे आणि ध्वनिमुद्रण यांच्यामध्ये चार दशके गेली, रुची बदलली, माणूस म्हातारा झाला. छापील प्रतींतल्या बोटांच्या आणि गजाच्या खुणा हा जास्त भरवशाचा पुरावा वाटतो, आणि त्या दिशेने काम नुकते कुठे वेग घेत आहे. आणखी एक गुंता आजच्या बेल्जियमचा. हाले आता फ्लेमिश ब्राबांत प्रांतात, डचभाषक. सेर्वे कुटुंबाचा व्यवहार फ्रेंचमध्ये. सुदैवाने या प्रकरणात अभ्यासकांनी भाषिक भांडणाला फारसा थारा दिलेला नाही.

फ्रान्झ आणि लिस्ट

फ्रान्झ सेर्वेचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा. कोशांत वर्ष कुठे १८४६, कुठे १८४७. तो लिस्टच्या वर्तुळात वावरला, वाग्नरचा भक्त झाला. १८७३ मध्ये ‘तास्सोचा मृत्यू’ या कँटाटासाठी त्याला बेल्जियमचे रोम पारितोषिक मिळाले, १८८७ मध्ये त्याने ब्रसेल्समध्ये हिवाळी मैफली सुरू केल्या आणि आयुष्याची कित्येक वर्षे एका ऑपेरावर घालवली. लकोंत द लील याच्या नाटकावरची ही ‘लापोलोनीद’ अखेर १८९९ मध्ये कार्ल्सरूहेला फेलिक्स मॉट्लने रंगमंचावर आणली. दोन वर्षांच्या आतच, जानेवारी १९०१ मध्ये, संगीतकार वारला.

तो लिस्ट आणि राजकन्या कारोलिन साइन-विट्गेनश्टाइन यांचा मुलगा असून सेर्वेंनी त्याला आपला म्हणून वाढवले, ही अफवा त्याच्या हयातीतच पसरली. आधार म्हणजे चेहऱ्यातले साम्य, लिस्टची माया आणि रशियातला जन्म. विरोधातला मुख्य मुद्दा तारखांचा. लिस्ट आणि कारोलिन यांची पहिली भेट फेब्रुवारी १८४७ मध्ये कीव्हला झाली. जन्म १८४६ चा असेल तर प्रश्नच मिटतो. १८४७ चा धरला, तरी मूल वर्षाच्या अगदी अखेरीस जन्मायला हवे, आणि त्या हिवाळ्यात कारोलिन पीटर्सबर्गपासून दूर, वोरोनिन्त्से इथल्या आपल्या जहागिरीवर लिस्टबरोबरच होती. अ‍ॅलन वॉकर यांनी लिस्टच्या तीन खंडी चरित्रात अशा अनौरस संततीच्या कथा पुराव्याअभावी बाजूला ठेवल्या आहेत. कारोलिनबाबतची अफवा माझ्या मते निकालात निघाल्यासारखी आहे. वाईट वाटते ते याचे, की फ्रान्झविषयी लिहिले गेलेल्या मजकुराचा मोठा भाग त्याच्या बापाविषयी आहे आणि त्याच्या ऑपेराविषयी जेमतेम काही ओळी.

घरातल्या स्त्रिया आणि पुढचे काम

कुटुंबाचा इतिहास अजून पुरुषांचाच लिहिला गेला आहे. मुलगी सोफी गोदेब्स्का १८७२ मध्ये रशियात बाळंतपणात वारली. त्या वेळी जन्मलेली मिसिया पुढे पॅरिसच्या कलाविश्वाची लाडकी झाली. रेन्वार, बोनार, व्हुइयार यांनी तिची चित्रे काढली, राव्हेलने ‘ला व्हाल्स’ तिला अर्पण केले. तिचे बालपण काही काळ हालेच्या आजोळी गेले. उतारवयात सांगितलेल्या आठवणींत ती त्या घराचे वर्णन करते: खोल्याखोल्यांत पियानो, पाहुण्यांची वर्दळ, घरात आलेला म्हातारा लिस्ट आणि त्याच्या मांडीवर बसून पियानो वाजवणारी चिमुरडी. या आठवणींत नाट्य भरपूर आहे आणि चरित्रकारांनी त्या जपून वापरायला शिकवले आहे. तरीही त्यांतून एक गोष्ट दिसते. आद्रियाँ-फ्राँस्वा १८६६ मध्ये गेला. मिसियाला दिसलेले हे गजबजलेले घर त्याच्या विधवेने चालवलेले होते. ज्या घराला संगीताचे केंद्र म्हणतात, ते निदान पंधरा-वीस वर्षे सोफी फेगिनच्या हिमतीवर उभे होते आणि तिच्यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

जोझेफचीही तीच कथा. वडील गेले तेव्हा तो सोळाचाही नव्हता. चोविशीच्या आत प्राध्यापक झाला, वडिलांचे वाद्य वाजवले आणि जाकोब्सच्या पिढीला घडवले. वडील आणि शिष्य यांना जोडणारा दुवा एवढीच नोंद त्याच्या वाट्याला येते. दांडी वर्गात नेमकी केव्हा रुळली, या प्रश्नाचे उत्तर वडिलांपेक्षा त्याच्या तेरा वर्षांच्या अध्यापनात सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्या वर्षांतली विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि कॉन्झर्व्हेटरीची दफ्तरे त्या नजरेने चाळली पाहिजेत. राजकन्येच्या भेटीची गोष्ट तपासायची तर युसुपोव्हांच्या हिशेबवह्यांकडे जावे लागेल, फ्रान्झच्या जन्माची तारीख पीटर्सबर्गच्या नोंदींत शोधावी लागेल आणि मैफलींची हकिकत तिथल्या त्या वेळच्या वृत्तपत्रांत. फ्रेंच, डच आणि रशियन या तिन्ही भाषांत वाचू शकणारा अभ्यासक या विषयाला आता हवा आहे.